तीन मडकी आणि नऊ खापरं

माझं काम तुपाचं. म्हणजे तूप तपासायचं. गेली १९ वर्षं पुण्यातल्या एका अन्नतपासणी प्रयोगशाळेत भेसळ पकडायला मी बीआर रीडिंग घेते, आरएम व्हॅल्यू काढते, बोडोइन टेस्टमध्ये लाल रंग येतोय का ते बघते, आणि तरीही शंका उरली तर नमुना जीसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर, लावून त्यातली फॅटी ॲसिडं मोजते. शेवटी अहवालात दोनांपैकी एक ओळ लिहायची: प्रमाणात आहे, किंवा प्रमाणात नाही. खाली सही. दुकानदार कितीही गयावया करू दे, तिसरी ओळ नसते.

माझी भाची पुरातत्त्वात पीएचडी करते. मागच्या दिवाळीत करंज्या तळता तळता तिनं विचारलं, "मावशी, तीन हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यात दूध तापवत होते की मटण शिजवत होते, ते सांगता येईल तुला?"

"मडक्याच्या तळाशी काही उरलंय का?"

"मडकंच नाहीये. खापरं आहेत. नऊ. आणि धुतलेली."

मी म्हटलं, मग काय कप्पाळ सांगणार? पण तिनं सगळं वाचून ठेवलं होतं. भाजलेल्या मातीच्या, झिलई नसलेल्या भांड्याला बारीक छिद्रं असतात. पदार्थ शिजताना त्यातली चरबी वितळून त्या छिद्रांत शिरते आणि आत चिकटून बसते. वरून कितीही घासा, आतली निघत नाही. ती काढायची, जीसी-एमएसवर (घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर) लावायची आणि बघायचं. ब्रिस्टल विद्यापीठात रिचर्ड एव्हरशेड आणि त्यांचे सहकारी १९९०च्या दशकापासून हेच करताहेत. २००८मध्ये त्यांनी तुर्कस्तानकडच्या खापरांवरून दाखवलं की इसवी सनापूर्वी सातव्या सहस्रकात तिथली माणसं मडक्यात दूध हाताळत होती. आपल्याकडे २०२०मध्ये कच्छमधल्या कोटडा भाडलीच्या ५९ खापरांचा अभ्यास छापून आला. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत दूधदुभतं होतं, हे त्यातून कळलं.

सगळं ऐकून माझ्या लक्षात आलं की यंत्र तेच, फॅटी ॲसिडंही तीच. फक्त नमुना जरा जुना. साहेबांना विचारलं. रविवारी प्रयोगशाळा बंद असते. गॅस आणि सॉल्व्हंटचा खर्च भाचीच्या शिष्यवृत्तीतून येणार असेल तर हरकत नाही म्हणाले.

खापरं हातात घ्यायच्या आधी ती मला येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात घेऊन गेली. पुण्यात जन्म गेला, पण त्या आवारात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं, हे कबूल करायला हवं. तिथं जोर्वे संस्कृतीची, म्हणजे महाराष्ट्रातल्या तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची, भांडी आहेत: तांबड्या अंगावर काळी नक्षी, आणि ती तोटीची भांडी, आपल्या झारीच्या थोरल्या बहिणीसारखी. याच संस्कृतीच्या एका गावाचं, शिरूर तालुक्यातल्या इनामगावचं, घोड नदीच्या काठी, १९६८ ते १९८३ या काळात हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर, झेड. डी. अन्सारी यांनी खोदकाम केलं. साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती. ते लोक काय पिकवत होते, तर मुख्यतः जव. शिवाय गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ.

जव! आमच्या घरात जव येतो तो फक्त कुणाला उन्हाळी लागली तर, पाण्यात उकळून प्यायला. आणि इथे शिरूरसारख्या भाकरीच्या मुलखात जवावर पिढ्या जगल्या.

हे कळलं जळक्या दाण्यांवरून. दाणा पूर्ण जळून राख झाला तर संपलाच. नुसता भाजून कोळसा झाला तर मात्र त्याला किडा लागत नाही, बुरशी लागत नाही, तो हजारो वर्षं राहतो. माती पाण्यात ढवळली की असे दाणे वर तरंगतात, ते बारीक चाळणीनं गाळून घ्यायचे. भाची म्हणाली, "म्हणजे आपल्याला सापडतं ते जेवण नसतं, जेवण करताना झालेली चूक असते." हे वाक्य तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

आता खापरं. ती कुठल्या गावची ते लिहीत नाही, तिचा प्रबंध अजून सादर व्हायचाय. जोर्वे काळातली आहेत, एवढं पुरे. नऊही तुकडे भांड्याच्या वरच्या भागाचे, काठाखालचे होते. मी विचारलं, बुडाचे का नाही? शिजतं तर बुडाशी.

"मिसळीत तर्री कुठे असते?" तिनं विचारलं.

पटलं. उकळताना तेल-चरबी वर येते आणि रश्श्याच्या पातळीला भांड्याच्या भिंतीत मुरत जाते. म्हणून काठाजवळच्या खापरात सर्वांत जास्त सापडण्याची शक्यता. पुणेकराला याहून सोपं करून सांगता येणार नाही.

पहिल्या रविवारी आम्ही दोन नमुने केले. आधी दंतवैद्याकडे असतं तशा बारीक ड्रिलनं खापराचा पृष्ठभाग खरवडून टाकायचा, कारण तिथं माती, हात, पिशवी सगळ्यांचं काही ना काही लागलेलं असतं. मग आतला भाग पोखरून साधारण २ ग्रॅम पूड घ्यायची. बाहेरून विटेसारखं दिसणारं खापर आत काळंकुट्ट निघालं. भट्टीत गाभ्यापर्यंत नीट भाजलं नव्हतं. हजारो वर्षं कुणी न बघितलेली ती काळी रेघ बघून मी ड्रिल बंद करून दोन मिनिटं नुसती बसले. भाचीला त्याचं काही वाटलं नाही. तिनं शेकडो बघितलीत.

पुढचं काम माझ्या हातातलं. पुडीत आम्लयुक्त मिथेनॉल घालून ७० अंशांवर तासभर ठेवायचं, गार झालं की हेक्झेनमध्ये चरबीचा अंश ओढून घ्यायचा, नायट्रोजनच्या झोतात सुकवायचा, आणि जीसी-एमएसवर लावायचा. सोबत एक कोरा नमुना, त्याला आम्ही ब्लँक म्हणतो: सगळं तेच करायचं, फक्त खापर नाही. संध्याकाळी स्क्रीनवर शिखरं उमटायला लागली आणि मी अक्षरशः टाळी वाजवली. पामिटिक, स्टिअरिक ही फॅटी ॲसिडं, आणि कोलेस्टेरॉल! कोलेस्टेरॉल म्हणजे प्राणिज. झालं काम, लिहा: प्रमाणात आहे.

भाचीनं शांतपणे ब्लँकचा आलेख उघडला. त्यातही तीच शिखरं. शिवाय स्क्वालीन आणि दोन थॅलेट.

स्क्वालीन आणि कोलेस्टेरॉल माणसाच्या कातडीवरच्या तेलात असतं. स्क्वालीन इतकं नाजूक, की हजारो वर्षं मातीत टिकेल अशी आशाच नको. ते दिसलं म्हणजे आजच्या माणसाचं बोट लागलं. थॅलेट प्लॅस्टिकमधून येतं. आणि पूड तोलायला मी आपली नेहमीची प्लॅस्टिकची बशी घेतली होती. पामिटिक-स्टिअरिक? डिसेंबरची सकाळ, पुण्याची थंडी, आणि निघताना मी हाताला चांगलं चोपडून क्रीम लावलं होतं. हातमोजे घातले होते, पण ते घालताना बाहेरून हात लागलाच. तुपात मोजायचे असतात ते ग्रॅम. तिथं हाताचं क्रीम कुठे दिसणार? इथे खापराच्या एका ग्रॅमला ५ मायक्रोग्रॅमच्या वर काही मिळालं तर त्यावर बोलायचं, त्याखालचं सोडून द्यायचं, असा या लोकांचा साधारण नियम. १९ वर्षांचा अनुभव एका दुपारी गाळात गेला.

पुढच्या रविवारी काच सगळी भट्टीत ४५० अंशांवर तापवून घेतली, ॲल्युमिनियमची फॉइलसुद्धा. प्लॅस्टिक टेबलावरून हद्दपार. क्रीम बंद, ओठ फुटले, हात फुटले. ब्लँक कोरा आला तेव्हा कुठं हायसं वाटलं.

दरम्यान मला एक प्रश्न छळत होता. समजा खापरात काहीच मिळालं नाही, तर त्याचा अर्थ काय? भाची म्हणाली, करून बघू. कुंभारवेशीजवळून तीन सारखी मडकी आणली. माझी आई धायरीला जुन्या बैठ्या घरात राहते, मागे परसात चूल आहे. सोसायटीच्या गच्चीवर चूल पेटवली असती तर सेक्रेटरीनं नोटीस धाडली असती, म्हणून आईकडे. एका मडक्यात रोज दूध तापवायचं, दुसऱ्यात कुळीथ नुसते मीठ घालून शिजवायचे, तिसऱ्यात दोनदा फक्त मटण. पहिली दोन दहा दिवस.

दुधाचं वेगळंच प्रकरण झालं. भाचीला जनावर काय खातं ते ठाऊक असलेलं दूध हवं होतं. त्याचं कारण मला समजलं तसं सांगते. कार्बनचा एक जड भाऊ असतो, कार्बन-१३. गहू, जव, तांदूळ अशा पिकांत तो कमी आणि ज्वारी, बाजरी, उसात जास्त. जनावर जे खाईल त्याची खूण त्याच्या चरबीत उतरते. आता दूध आणि मांस यांतला फरक कसा काढायचा? जनावराची कास १८ कार्बनचं स्टिअरिक आम्ल स्वतः बनवू शकत नाही. दुधातल्या स्टिअरिकचा बराच भाग चाऱ्यातल्या तेलातून आलेला असतो, आणि चाऱ्याच्या तेलात कार्बन-१३ त्याच्या पिष्टापेक्षा कमी असतो. १६ कार्बनचं पामिटिक मात्र शरीरात तयार होतं. म्हणून दोघांचे आकडे स्वतंत्र मोजून १८च्या आकड्यातून १६चा वजा करायचा. वजाबाकी साधारण उणे ३च्या खाली गेली की दूध, तिथपर्यंत न पोचता साधारण उणे १च्या खाली राहिली तर गाय-म्हैस-शेळी-मेंढीची चरबी, त्याच्या वर गेली तर डुकरासारख्या रवंथ न करणाऱ्या जनावराची. वजाबाकी केल्यानं चाऱ्याचा फरक बराचसा निघून जातो, पण पूर्ण नाही. हे ठोकताळे बहुतेक युरोपातल्या हिरव्या गवतावर चरणाऱ्या गाईंवरून बसवलेले. आपली म्हैस कडबा खाते आणि उसाचं वाढं.

म्हणून मी लोणी काळभोरच्या बाजूला एका गोठ्यावर गेले. मालकाला म्हटलं, काका, फक्त कडब्यावर असलेल्या म्हशीचं दूध द्या, आणि पेंड किती घालता ते लिहून द्या. त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "मॅडम, तुम्ही फूडवाल्या ना?" खोटं कसं बोलणार? हो म्हटलं. "पाणी नाही घालत आम्ही," असं ते तीनदा म्हणाले आणि दुधाचे पैसे घेईनात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या मडक्याची गोष्ट सांगायला लागले तर त्यांचा संशय आणखीच वाढला. शेवटी त्यांच्या सुनेनं दूध दिलं, वर चहा दिला, आणि विचारलं, "मग तवाची म्हस काय खायची?" तेच तर शोधतोय, म्हटलं.

आईचा या सगळ्याला विरोध नव्हता, सूचना मात्र होत्या. नवं मडकं आधी रात्रभर पाण्यात भिजवायचं. मग पेज उकळून ओतून द्यायची, म्हणजे झिरपत नाही. भाचीनं पेजेला जोरात नकार दिला, प्रयोग बिघडेल म्हणून. मडकी मग पहिले दोन दिवस बाहेरून पाझरत राहिली आणि आई "सांगितलं होतं" असं न म्हणता नुसती बघत राहिली. नंतर भाचीच म्हणाली, आजीचं बरोबर आहे, जुन्या काळीही बायका काहीतरी करून छिद्रं बुजवत असणारच. म्हणजे खापरात सापडेल ते शिजवलेलं की बुजवायला वापरलेलं, हाही एक घोळ.

दहा दिवसांनी मडकी फोडली. आई तेवढ्यापुरती आत निघून गेली. भरलं घर सोडून मडकं फोडायचं एकाच वेळी असतं, असं तिचं म्हणणं.

निकाल आले आणि माझी बोलती बंद झाली. दोनदाच मटण शिजवलेल्या मडक्याचा आलेख नुसता गर्जत होता. दुधाच्या मडक्यातही भरपूर. आणि कुळथाच्या? दहा दिवस, रोज अर्धा शेर कुळीथ, घरातल्या सगळ्यांनी आणि कामवाल्या ताईंच्या पोरांनीही कढण प्यायलं, त्या मडक्यात जवळपास काही नाही. कुळथात चरबीच ती किती! मडकं कुळथाबद्दल ब्र काढायला तयार नव्हतं. जवाची पेज केली असती तरी तीच गत.

म्हणजे ही पद्धत चरबीला ऐकते. वर्षभर पेज-कढण आणि सणाला एकदा बोकड, असं घर असेल तर खापर सांगणार: बोकड. म्हणूनच जळके दाणे वेगळे बघावे लागतात, जनावरांची हाडं वेगळी, आणि हाडांमधल्या नायट्रोजनवरून माणूस अन्नसाखळीत किती वर बसून जेवत होता ते वेगळं. दातांवरच्या कीटणात पिष्टाचे कण अडकून राहतात, तेही. हरियाणातल्या फरमाणा या सिंधू संस्कृतीच्या गावी, डेक्कन कॉलेजच्या पुढाकारानं झालेल्या खोदकामात मिळालेल्या दातांवर आणि भांड्यांत अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांना आलं-हळदीचे कण दिसले होते. खापरातल्या चरबीला हळद कधीच दिसली नसती.

२०२०च्या अखेरीस सिंधू संस्कृतीच्या खापरांवरचा अक्षयेता सूर्यनारायण यांचा अभ्यास आला, त्यात जनावरांची चरबी बरीच सापडली होती, आणि आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस रणकंदन माजलं होतं. एका काकांनी ग्रुप सोडला, दुसऱ्यांनी बिर्याणीचा फोटो टाकला. मूळ निबंधात शक्यता किती जपून मांडल्यात ते दोघांपैकी कुणीच वाचलं नव्हतं. मीही तेव्हा वाचलं नव्हतं, बिर्याणीच्या फोटोला अंगठा मात्र दिला होता.

आणि ती नऊ खापरं? सहा रिकामी. एकात इतकं थोडं की नियमाप्रमाणे सोडून दिलं. दोन खापरांत पामिटिक आणि स्टिअरिक ठीकठाक मिळालं, ब्लँक कोरा असताना. स्टिअरिक बऱ्यापैकी, म्हणजे वनस्पती तेलापेक्षा प्राणिज चरबीकडे झुकणारं. एकात लांब साखळीचे कीटोनही दिसले. चरबी ३०० अंशांच्या वर तापली की ते तयार होतात. म्हणजे कुणीतरी ते भांडं विस्तवावर विसरलं होतं. पुन्हा चूकच सापडली.

दूध की मांस, ते कार्बन-१३ मोजल्याशिवाय नाही. ते यंत्र माझ्याकडे नाही. नमुने बाहेर पाठवलेत, आठवा महिना चालू आहे. भाचीनं तोवर अहवालाचा कच्चा खर्डा केला आणि मला तपासायला दिला. "प्राणिज चरबीशी सुसंगत" असं लिहिलं होतं. सवयीनं मी पेन उचललं आणि विचारलं, सुसंगत म्हणजे? आहे की नाही? ती म्हणाली, सुसंगत म्हणजे सुसंगत. मी तिथं सही केली. आयुष्यात पहिल्यांदा अशा ओळीखाली.

एक राहिलं. दुधाच्या मडक्याचे अर्धे तुकडे आम्ही आईच्या परसात कढीपत्त्याखाली पुरले होते, पावसाळाभर मातीत राहून किती चरबी टिकते ते बघायला. गणपतीनंतर उकरायचे ठरलं होतं. मागच्या रविवारी धायरीला गेलो तर तुकडे ओट्यावर, सुपात, उन्हात ओळीनं वाळत ठेवलेले. स्वच्छ.

"खुरपताना लागले," आई म्हणाली. "किती मळले होते गं. चुलीतली राख होती, त्यानं घासून काढले."

मी डोक्याला हात लावला. भाची मात्र ओट्यापाशी बसली, पिशवीतून वही काढली, टोपण दातात धरून उघडलं.

"आजी, राख कसली होती? बाभळीची की गोवऱ्यांची?"